सव्वीस सह्यांचं कार्ड

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा काही विकत घ्यायला आलाच नव्हता. "उद्या सकाळी पाणी येणार नाही, भरून ठेवा," एवढंच सांगायला आला होता. समोरच्या रस्त्यात पाइप फुटला होता आणि पाणीपुरवठा कार्यालयाची माणसं दारोदार निरोप देत फिरत होती. त्यांतला हा एक. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, केसांत चिखलाचा शिंतोडा. शुभेच्छापत्रांच्या मांडणीसमोर येऊन थबकला, परत दाराशी जाऊन पायपुसण्यावर बूट तीनदा पुसले, आणि मग विचारलं, "जरा बघू का?"

म्हटलं, बघा की. मी त्याला दोन मिनिटांचा पाहुणा धरलं होतं.

पुरुष गिऱ्हाइकांचा मला दांडगा अनुभव आहे. मामाच्या दुकानात मामा पेनं, वह्या, शाई बघतो आणि कार्डं गेली सहा वर्षं माझ्याकडे. पुरुष कार्ड घ्यायला येतो तो बहुतेक वेळा ते ज्या दिवशी द्यायचं त्याच दिवशी, धापा टाकत. दाराशी पहिलं दिसेल ते उचलतो, नाहीतर सगळ्यात मोठं. एकाने तर बायकोच्या वाढदिवसाला 'प्रिय आजोबांस' असं छापलेलं कार्ड घेतलं होतं, वरची फुलं छान आहेत म्हणून! मी अडवलं म्हणून निभावलं. आणि कार्ड घेतल्यावर काउंटरवर कोपर टेकून सगळे एकच विचारतात, "आत काय लिहू?" मग मी सांगते, ते लिहितात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना नवऱ्याच्या ज्या ओळी पाठ आहेत, त्या माझ्या आहेत.

हा मात्र चांगला अर्धा तास उभा राहिला. एकेक कार्ड उघडून वाचत होता आणि जिथलं तिथे ठेवत होता. शेवटी एक साधं निळं कार्ड घेतलं, ऑपरेशन झालेल्या सहकाऱ्यासाठी. आत काय लिहू, असं विचारलं नाही. मी गारच पडले.

मग तो येतच राहिला. त्याच्या कार्यालयात तो सोडून सव्वीस माणसं, आणि तिथली एक पद्धत होती. कोणाचा वाढदिवस असो, बाळ होवो की निवृत्ती, एक कार्ड खाकी लिफाफ्यातून टेबलाटेबलावर फिरायचं आणि प्रत्येक जण त्यावर दोन शब्द लिहून सही करायचा. ज्याच्यासाठी कार्ड त्याला सुगावा लागता कामा नये, म्हणून सगळे ते फाइलखाली धरून, न वाचता, घाईघाईत लिहायचे. कार्डं आणायचं काम याच्याकडे आलं, कारण बाकीच्यांना दोन मिनिटांच्या वर दुकानात उभं राहवत नव्हतं.

मामाने त्याचं नाव 'अर्धा तास' ठेवलं. काचेतून तो रस्ता ओलांडताना दिसला की मामा पेनांवरून मान वर न करता म्हणायचा, "अर्धा तास आला गं." आणि मी उगाचच कार्डं सरळ करायला लागायचे. ती आधीच सरळ असायची.

एकदा मी त्याला छेडलं. "एवढा वेळ लावता... भाजी आणायला गेलात तर घरचे उपाशी झोपत असतील."

"भाजी मी दोन मिनिटांत आणतो," तो कार्डातून नजर न काढता म्हणाला. "भाजीवाले माझ्याशी इतकं बोलत नाहीत."

त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला शाईऐवजी डिंक दिला.

अशी दोन वर्षं गेली. तो काही बोलला नाही, मीही नाही. दुनियेच्या प्रेमाच्या ओळी सांगणारी मी, पण स्वतःची वेळ आली की दातखीळ बसायची. आज ना उद्या बोलू... घाई काय आहे... तो कुठे जातोय?

आणि एका सोमवारी त्याने निरोपाचं कार्ड मागितलं.

"कोणाची बदली?" मी विचारलं.

"माझी."

नव्या धरणावर, एक तारखेपासून. रेल्वेने आठ तासांची वाट. स्वतःच्या निरोपाचं कार्ड स्वतःच घ्यायला आला होता, दुसऱ्या कोणाला जमत नाही म्हणून. मला हसू आलं आणि लगेच विरलं. मग तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, आणखी एक कार्ड हवंय, आत काहीही न छापलेलं. ते कोणासाठी, असं मी विचारायला नको होतं. पण विचारलं.

"आहे एक जण," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला.

मी त्याला आमच्याकडचं सगळ्यात सुंदर कोरं कार्ड काढून दिलं, हाताने रंगवलेलं, एकुलतं एक. का दिलं, देव जाणे. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एरवी मी प्रत्येक लिफाफ्यावर पेन्सिलने खूण करते, त्या दिवशी दोन्ही कार्डं सारख्याच खाकी लिफाफ्यांत घातली आणि खूण करायची राहून गेली. मामाने विचारलं, डोळ्यांत काय गेलं? म्हटलं, धूळ.

शनिवारी दुपारी तो परत आला. या वेळी बूट न पुसताच.

"ते रंगवलेलं कार्ड... तसंच आणखी एक मिळेल?"

तसं एकच होतं, मी सांगितलं. पहिल्याचं काय झालं?

खराब झालं, तो म्हणाला. शाई सांडली असेल तर मी काढून देते, दाखवा. नाही, शाई नाही सांडली... म्हणजे शाईच, पण... त्याने छातीशी धरलेला लिफाफा आणखी घट्ट धरला. मी हात पुढे केला आणि मागे घेतलाच नाही. तेव्हा कुठे त्याने तो काउंटरवर ठेवला आणि आमच्या दुकानातल्या पंख्याकडे बघत उभा राहिला.

कार्डाच्या मधोमध त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: 'कार्डवाल्या बाई, मला कार्ड दोन मिनिटांत पसंत पडतं. उरलेली अठ्ठावीस मिनिटं मी तुमच्यासाठी उभा असतो. माझं तुमच्यावर प्रेम आहे. जायच्या आधी एकदा सांगायचं होतं.'

आणि त्याच्या चारही बाजूंनी, कोपऱ्यांत, कडेने, उलटसुलट, सव्वीस सह्या.

निरोपाचं कार्ड फिरवा म्हणून त्याने लिफाफा दिला होता तो नेमका हा. पहिल्या दहा जणांनी पद्धतीप्रमाणे न वाचता लिहिलं होतं: 'जाल तिथे सुखी राहा', 'तब्येत सांभाळा', 'धरणाचे फोटो पाठवा'. अकराव्या होत्या टंकलेखन विभागातल्या मावशी. त्यांनी चष्मा लावून मधलं वाचलं असावं, कारण तिथून पुढे सूर पालटला होता. 'अहो बाई, मुलगा सोन्यासारखा आहे.' 'दोन वर्षं आमचं डोकं खाल्लंय तुमच्या नावाने.' 'हो म्हणा, नाहीतर हा धरणात पाणी कमी आणि उसासे जास्त भरेल.' आणि सगळ्यात खाली, साहेबांच्या हिरव्या शाईत: 'बदली पुढे ढकलता येईल. सबळ कारण लेखी हवे.'

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

"माफ करा," तो पंख्याला म्हणाला. "हे असं... सव्वीस माणसांदेखत..."

"तुम्हाला जायचंय का?" मी विचारलं.

"नाही." मग पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "पण कोणासाठी थांबतोय, हे साहेबांना काय सांगणार? तुम्हालाच विचारलं नव्हतं."

मी खालच्या खणातून आमचा सगळ्यात जाड, सायीच्या रंगाचा कागद काढला. काय लिहू, हा प्रश्न मला पडलाच नाही. 'माननीय साहेब, आपल्या कार्यालयातल्या या गृहस्थांवर माझं प्रेम आहे. हे कारण सबळ आहे की नाही ते आपण ठरवावं. मला ते पुरेसं आहे.' खाली सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तो वाचला. पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचला. पेनांच्या काउंटरमागून मामाने खाकरून विचारलं, दुकानाचा शिक्का मारू का, म्हणजे अर्ज कच्चा वाटायला नको.

"साहेबांना लेखी लागतं," तो हळूच मला म्हणाला. "मला... तोंडी चालेल."

मी काउंटरला वळसा घालून त्याच्याकडे गेले आणि तोंडी सांगितलं. मामा शिक्का शोधायला खाली वाकला, आणि तो हातात असूनही बराच वेळ शोधत राहिला.