तिसऱ्या गिअरातला हात

या कामात वकारचा फायदा एकच होता. पाटीवर नाव.

अकोल्याच्या जठारपेठेत त्याच्या सासऱ्याचं गॅरेज आहे. पाटीवर लिहिलंय, ‘अब्दुल रहीम ॲण्ड सन्स’. सन एकही नाही. आहे तो जावई. बारा वर्षं जावयानं इंजिनं उतरवली, सासऱ्यानं खुर्चीत बसून चहा रिचवला, आणि पाटी तशीच राहिली.

पुढचं सगळं खरं घडलंय. गेल्या वर्षी, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातला बुधवार. अमावास्या वगैरे काही नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते. भुतांनी रात्रीचीच ड्युटी करावी हा नियम आपण केलाय, त्यांना कोणी विचारलेलं नाही.

अमरावतीचे वकील हरिहरराव यांनी तिवश्याजवळ हायवेला हॉटेल काढलं होतं. दारात शोभेला जुना ट्रक पाहिजे. लांब नाकाचा, लाकडी बॉडीचा, पन्नास वर्षांपूर्वीचा. शुक्रवारी उद्घाटनाला तो ते स्वतः चालवत आणणार होते. कोर्टात कोणी फुलं उधळत नाही, तेव्हा ही हौस कुठंतरी भागवावीच लागते.

ट्रक मिळवून दिला खुशालराव दलालानं. खोट एकच. गिअर तिसऱ्यात पडला की निघत नव्हता.

“दामादजी,” अब्दुल रहीम म्हणाले, “शुक्रवारी गाडी चालू करून दिली, तर पेंटर बोलावतो. पाटीवर तुमचं नाव.”

“आणि नाही झाली तर?”

“तर पेंटरचा खर्च वाचला.”

बुधवारी खुशालराव ट्रॅक्टरला बांधून ट्रक घेऊन आला. गिअरच्या दांड्यावर लाल रेक्झिनचं कव्हर होतं, मुठीवर घट्ट शिवलेलं.

“सगळं खोल, वकारभाऊ. मूठ तेवढी बदलू नको. वकीलसाहेबाले ओरिजनल पायजे.”

“वर चढून दाखवा ना, कसा अटकते तो.”

“मले? मले गुडघ्याचा तरास हाये.”

आणि गुडघ्याचा त्रास असलेला माणूस गल्लीच्या टोकापर्यंत जवळजवळ पळत गेला.

अब्दुल रहीम जेवायला घरी गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वकारनं गिअरबॉक्सचं झाकण खोललं.

काय निघणार ते त्याला ठाऊक होतं. जुनी गाडी विकताना दलाल लोक गिअरबॉक्समध्ये पिकलेली केळी आणि लाकडाचा भुसा भरतात. चारआठ दिवस आवाज दबतो, तेवढ्यात गाडी गळ्यात मारता येते. असली सडकी केळी वकारनं कितीदा हातानं उपसली होती.

पण आत केळी नव्हती.

आत काहीच नव्हतं. तेल स्वच्छ. स्प्रिंगा धड. गिअर सरकवणाऱ्या पट्ट्या स्क्रू ड्रायव्हरनं ढकलल्या, तर लोण्यासारख्या सरकल्या.

त्यानं दांडा परत बसवला. दांडा खालून, मुळाशी धरून हलवला. पहिला, दुसरा, तिसरा, न्यूट्रल. मक्खन.

वर मुठीला हात घातला. तिसरा…

अडकला.

पुन्हा खालून धरला. निघाला. पुन्हा मुठीवर हात. अडकला.

म्हणजे बिघाड मुठीत. पण मुठीत बिघडायला असतं काय? लाकडाचा गोळा!

तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. आणि त्या शांततेत त्याला ऐकू आलं…

माश्या.

शेकडो. सगळ्या त्या लाल मुठीवर. स्टिअरिंगवर एक नाही, सीटवर एक नाही.

त्यानं फडकं मारलं. त्या उठल्या आणि त्याच्या उजव्या हातावर येऊन बसल्या. त्यानं हात पाहिला. तळवा ओला होता.

अकोल्याच्या मे महिन्यात धुतलेलं फडकं दहा मिनिटांत कडक होतं. आणि ही मूठ ओली? चिकट… पिवळट… वास गोडसर. फ्रिज बंद पडून चार दिवस झाल्यावर उघडावा, तसा.

वकार सीटवर बसला. शुक्रवार डोळ्यांपुढं होता. नाक दाबून त्यानं मूठ घट्ट धरली आणि जोर लावला.

रेक्झिनखाली काहीतरी हललं.

मग त्याच्या बोटांच्या फटींतून, खालून… बोटं वर आली.

दिसत काहीच नव्हतं. लागत होती. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखी मऊ. ती त्याच्या बोटांत गुंतली आणि दांडा पुढं दाबू लागली. तिसऱ्यात. एक नख त्याच्या करंगळीवर घासलं.

गिअर अडकत नव्हताच. कोणीतरी धरून बसलं होतं.

हात सुटला तसा तो सीटवरून गॅरेजच्या फरशीवर पडला.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. वकारनं ब्लेड घेतलं. बारा वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. त्यानं कव्हरची शिवण कापली.

आत मुठीला तपकिरी साल चिकटलेली होती. कांद्यासारखी. त्यानं वाकून पाहिलं…

सालीवर तळहाताच्या रेषा होत्या. कडेला एक नख.

त्यानं खुशालरावाला फोन लावला. सालीचं काय ते विचारलं.

“भगवंतराव डायवर होता,” तो म्हणाला. “गाडी त्याचीच. वावरात उभी करून राहे, मंधात चालू करून पाहे. मागच्या उन्हाळ्यात तिथंच गेला, सीटवर. चार दिवस कोणाले मालूम नाही. हात मुठीवर होता. ओढला तं हात आला… कातडं नाही आलं.”

“आन् तुमी तसंच ठुलं?”

“खरडली असती तं लाकूड खराब झालं असतं. ओरिजनल मुठीचा भाव येगळा हाये, भाऊ.”

“कव्हर कोणी शिवलं?”

“आमच्या पोरीनं, रागिणीनं. तिले नाही सांगितलं मी. म्हटलं, जुना डिंक हाये.”

वकारनं फोन कापला आणि वकिलांचा नंबर काढला.

पण मन मोठं हिशेबी. वकिलांना सांगावं, तर गाडी परत. गाडी परत, तर पाटी गेली. त्यानं पान्याच्या टोकानं ती साल खरडून काढली. मूठ डिझेलनं धुतली. साल कागदावर घेतली आणि उभा राहिला.

त्याच्या घरी कापलेलं नखसुद्धा फेकत नाहीत. त्याची बायको गजाला ते मातीत पुरते. माणसाच्या अंगाचं आहे, मातीला द्यायचं. पण हा भगवंतराव. त्याच्या घरी आगीला देतात. मातीला द्यावं की आगीला? एका शब्दाचा प्रश्न होता. शेजारच्या टायरवाल्याला विचारता आला असता. पण विचारायचं तर सांगावं लागणार…

त्यानं कागद चुरगळून जळक्या तेलाच्या ड्रममध्ये टाकला.

आणि ट्रकमध्ये, कोणी हात न लावता, गिअर खट्कन न्यूट्रलला आला.

शुक्रवारी हरिहररावांनी ट्रक चालवला. फोटो निघाले. “वकारमियाँ, हात सोन्याचा हाये तुमचा!” असं चारचौघांत म्हणाले. शनिवारी पेंटर आला. पाटीवर नाव चढलं.

रविवारी दुपारी घरी जेवताना वकारनं घास उचलला आणि मूठ मिटली.

उघडेना.

घड्याळात अडीच वाजले होते. मूठ पुढं ढकलली जात होती, ताटावरून, पाण्याच्या तांब्यावरून… तिसऱ्यात टाकतात तशी. आणि ओली होती. माश्या आल्या.

“हात धुतले होते ना?” गजालानं विचारलं.

“धुतले.”

“कशानं?”

तो उठून गॅरेजमधल्या ड्रमकडे धावला. ड्रम रिकामा होता. जळकं तेल नेणारा सकाळीच येऊन गेला होता. ते कुठल्या गावच्या कुठल्या भट्टीत गेलं, की कोणाच्या दाराच्या कडीला लागलं, कोण सांगणार?

तेव्हापासून हे रोजचं झालंय. डॉक्टर नस म्हणतात. मौलवींनी पाणी दिलं. फरक नाही. वकार आता चमच्यानं जेवतो, तेही डाव्या हातानं, आणि घरात कोणी त्याच्याकडे बघत नाही. दलालाला दलाली मिळाली, वकिलांना फोटो, सासऱ्याला पत वाढलेलं गॅरेज.

रोज अडीचला गजाला शेजारी बसते. नाकाला ओढणी लावते आणि मिटलेली बोटं एकेक करून सोडवते. तोंडानं मोजते, म्हणजे वास विसरायला होतो.

एक. दोन. तीन. चार. पाच.

परवा ती पाचवर थांबली नाही.

“सहा…” म्हणाली, आणि हात झटकन मागे घेतला.

वकारनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती उठली, मोरीत गेली, नळ सोडला.

चार वाजेपर्यंत ती आपला हात घासत होती.