ते नाव कुठे राहतं?

दुपारचे दोन वाजले होते. अक्कानं डबा धुऊन पालथा घातला, केसांत पेन्सिल खोचली आणि त्या उंच छताच्या खोलीत रोजच्यासारखी कामाला बसली. ऑफिसात सगळे तिला अक्काच म्हणत; साहेबसुद्धा. दूरच्या कारखान्यांतल्या यंत्रांचे प्रोग्रॅम इथूनच तपासायचे, हे तिचं काम. नाडीवर बोट ठेवायचं, पण रोगी चारशे किलोमीटरवर.

आजचा रोगी मात्र खुनी होता.

दोनशे टनांचा प्रेस, एका दणक्यात पत्र्याला गाडीच्या दाराचा आकार देणारा. मंगळवारी तो बंद असताना त्याचा दट्ट्या खाली आला. आत वाकून पत्रा सरळ करणारा कामगार, सगळ्यांचा लंबू, कमरेच्या वर उरलाच नाही. त्याची दाढी, त्याची शिट्टी, सगळं अर्ध्या इंचाच्या फटीत गेलं. बटणांपाशी उभा होता अक्काचा धाकटा भाऊ. “मी हातच लावला नाही,” तो सांगत राहिला. कुणी ऐकलं नाही. तीन वाजता पोलीस त्याचा जबाब घ्यायला येणार होते. तोवर प्रोग्रॅममध्ये दोष सापडला तर भाऊ सुटणार. नाही सापडला तर आत जाणार.

तिनं भावाचा फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“सापडलं का गं काही?”

“आत्ता तर बसतेय. तू जेवलास?”

“इथे प्रेसपाशी उभं राहून कोण जेवेल? धुतलंय त्यांनी, पण खाचेत अजून...”

“तिकडे बघू नकोस. फिटर आहे ना सोबत?”

“आहे. मोटरचा फ्यूज काढून खिशात ठेवलाय त्यानं. म्हणतो, बायकोलासुद्धा इतकं जपलं नव्हतं.”

यंत्राच्या कंप्युटरमध्ये तपासणीसाठी एक चिमुकला प्रोग्रॅम बसवलेला असतो. कोणतं नाव मेमरीत कुठल्या पत्त्यावर राहतं, हे त्याला स्वतःला ठाऊक नसतं. ती यादी अक्काकडे. जोडणी झाली की तो एकेक नाव विचारतो आणि ती पत्ता सांगते. नाव यादीत नसेल तर जागा कोरी सोडते. समाधान झालं की तो ‘ठीक’ म्हणतो. बसल्या जागी सगळं मागतो, म्हणून अक्कानं त्याचं नाव जावई ठेवलं होतं. मानपान झाला की जावई थ्रेड मोजून देतो. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं. या प्रेसमध्ये ती पाच होती.

जावयानं नेहमीची नावं विचारली. मग आणखी एक विचारलं.

लंबू.

कुणाच्या तरी सडक्या डोक्यातली थट्टा, असं म्हणून तिनं जागा कोरी सोडली. त्यानं पुन्हा विचारलं. सतरा वेळा विचारलं. अठराव्या वेळी तिचं टाळकं सटकलं. या धंद्यात एक जुनी, आळशी युक्ती आहे. प्रश्न हट्टालाच पेटला, तर त्याला मेमरीतल्या एखाद्या ओसाड जागेचा पत्ता देऊन टाकायचा: घे बाबा, आणि गप्प बस. तिनं तर तसा नियमच लिहून टाकला. यापुढे यादीत नसलेलं कुठलंही नाव आलं, की तिला न विचारता हाच पत्ता जाईल.

‘ठीक,’ जावई म्हणाला.

तिनं प्रोग्रॅम जागच्या जागी थांबवला आणि थ्रेड मागितले. सहा आले. पाच थांबलेले होते. सहावा त्या ओसाड पत्त्यावर होता. तिथे काहीही लिहिलेलं नव्हतं, आणि तरी तो चालू होता.

“अक्का, तू काही केलंस का?”

“मी सगळं थांबवलंय. का रे?”

“दट्ट्या हलला. वीतभर खाली आलाय.”

मागून फिटर ओरडला, “अहो, फ्यूज माझ्या खिशात आहे! हा काय!”

अक्काला लाज वाटावी असा आनंद झाला.

“अरे, सुटलास तू! आपोआप हलतंय ते! मोबाइल काढ, शूटिंग कर. फिटरच्या हातातला फ्यूजही दिसू दे.”

“काढतोय. थांब, इथून नीट दिसत नाहीये.”

बुटांचे आवाज आले. दोन पावलं, तीन.

पडद्यावर नवं नाव उमटलं होतं.

टिल्लू.

हे घरचं नाव. आई गेल्यावर ते जगात एकट्या अक्काच्या तोंडी उरलं होतं.

जागा कोरी सोडायला तिचा हात झेपावला. पण तिनं लिहिलेला नियम तिच्यापेक्षा चपळ होता.

‘ठीक.’

“मागे हो! टिल्लू, मागे—”

पहिल्या दणक्यात फक्त हात गेला असावा. कारण त्यानं हाक मारली. “अक्का!” म्हणाला. लहानपणी विहिरीत पाय घसरला होता तेव्हा मारली होती, तशीच.

दुसऱ्या दणक्यानंतर हाक आली नाही. काहीतरी ओलं फुटलं, आणि फिटर किंचाळत राहिला.

दट्ट्या वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला.

तिनं नऊ मोजले.

तीन वाजता पोलीस आले. प्रेस आपोआप चालतो, हे त्यांनी लिहून घेतलं. भाऊ निर्दोष सुटला.

प्रेस कापून भट्टीत वितळवला, त्याला महिना झाला. अक्कानं तो नियम भाऊ गेला त्याच दिवशी पुसला. जोडणी मात्र तोडली नाही. पलीकडे यंत्रच नाही, तरी जावई उत्तर देतो. थ्रेड सात आहेत. रोज दोन वाजता डबा धुऊन झाला की ती विचारते: सातवा जिवंत आहे का?

‘आहे.’

जोडणी तोडली तर तो कुठे जाईल, या विचारानं तिचा हात उचलत नाही.

आज त्या उत्तराखाली एक नाव आलं. चिमी. लाडात आला की टिल्लू तिला या नावानं हाक मारायचा, फक्त तोच.

अक्कानं जागा कोरी सोडली. नाव पुन्हा आलं. तिनं पुन्हा कोरी सोडली. सतरा वेळा.

ती पाणी प्यायला उठली, आणि तिच्या केसांतली पेन्सिल त्या उंच छताला टेकली.