समोरचं ताट

ऋतुराज ठरल्या वेळेच्या तासभर आधी दारात उभा राहिला, तेव्हा संयोगिता तोंड उघडून घासाची वाट बघत होती. आईच्या हातात चमचा, हिच्या हनुवटीवर पांढऱ्या रश्श्याचा ओघळ. "पावणं, आत या की," आई म्हणाली. तो मात्र पाठ फिरवून उंबऱ्यातच थांबला... तिचं जेवण उरकेपर्यंत. ती पाठ तिला आवडली.

चार वर्षांपूर्वी अपघातात मानेला मार बसला, तेव्हापासून तिचे हात उचलत नव्हते. मंगळवार पेठेतल्या घरी बसून ती मुलांना गणित शिकवायची. जेवायला मात्र दुसऱ्याचा हात लागायचा. ऋतुराजनं कंपनीकडून भरवणारा रोबोट बसवायला आणला होता. टेबलाला बसवलेला पांढरा हात, टोकाला चमचा. आधी कुणीतरी तो धरून तिला भरवायचं; तोच वेग यंत्र लक्षात ठेवणार होतं.

आईनं धरला. घासावर घास आले, संयोगिताला चावायला उसंत मिळेना.

"मी रोज असंच भरवतेय व्हय गं?" आई ओशाळली.

"मग यांनाच धरू दे," संयोगिता म्हणून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

पुढचे तीन गुरुवार ऋतुराजनं चमचा धरला. घास गिळल्यावर ती क्षणभर खिडकीतल्या उन्हाकडे बघते, हे त्यानं हेरलं. तेवढं तो थांबायचा. हळूहळू ते थांबणं लांबत गेलं... पन्हाळ्याच्या धुक्याच्या गोष्टी, राजारामपुरीतल्या त्याच्या खानावळीच्या पाणचट डाळीच्या तक्रारी, सगळं त्यात मावू लागलं.

"एवढं थांबलात तर यंत्र आळशी होईल हं."

"होऊ दे की. मला कुठं घाई हाय?"

चौथ्या गुरुवारी चाचणी झाली. यंत्रानं एकट्यानं पाच घास भरवले, थेंबही सांडला नाही. त्यानं मोबाईलवर कंपनीचा प्रश्न वाचून दाखवला: काम पूर्ण झालं का? वाचताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

नाही म्हटलं, की पुढचा गुरुवार पक्का होता. तिनं खिडकीकडे पाहिलं. ऊन तसंच होतं.

"हो," ती म्हणाली. "झालं पूर्ण."

तो वायर गुंडाळू लागला, फार सावकाश. "म्हणजे... आता मला यायला कारण नाही."

"इतके दिवस आलात. आमच्यात जेवलात कधी?"

तो कसा जेवणार? हात तर तिला भरवण्यात गुंतलेला. तिनं त्याला सांगितलं, भरवणारं माणूस जेवायचं मागं राहतं. आई चार वर्षं गार अन्न खातेय. कुणाच्या बरोबरीनं जेवणं संयोगिता विसरूनच गेली होती.

"मला यंत्र त्यासाठी हवं होतं. समोर कुणीतरी बसावं, आणि त्याचे हात मोकळे असावेत."

"कुणीतरी?"

"...तुम्ही."

त्यानं वायर खाली ठेवली. "रविवारी येऊ? कामाला नव्हं."

"कामाला कोण बोलावतंय?"

"रविवार कशाला?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ताट वाढलंय. बसा."

तो समोर बसला, भाकरी मोडली. पांढरा हात चमचा घेऊन वर आला, तसा त्याचाही हात तोंडाशी गेला. दोघांनी घास एकदमच घेतला.