ऐंशी बिऱ्हाडांचं गाऱ्हाणं

"अरे थांब, बंद करू नकोस!" अनुजा ओरडली.

पण गौतमनं काही बंद केलंच नव्हतं. पडदा आपला आपणच निळा झाला आणि मंडळाच्या खोलीतला कॉम्प्युटर पुन्हा एकदा झोपला.

"सकाळपासून सहावी वेळ!" अक्षदा बोटं मोजून म्हणाली. ती तिघांत लहान, पाचवीतली. मोजणं आणि लक्षात ठेवणं, ही दोन कामं तिनं न सांगताच स्वतःकडे घेतली होती.

गौतमनं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. या वेळी विंडोज सुरूच होईना.

दिवाळीची सुट्टी होती, पण नायगावच्या त्या बीडीडी चाळीत यंदा कुणी कंदील लावला नव्हता. रविवारी चाळ रिकामी व्हायची होती. ऐंशी खोल्यांच्या किल्ल्या द्यायच्या आणि नवी इमारत होईपर्यंत ज्याला जिथं जागा मिळेल तिथं जायचं. जिन्यात बांधलेली गाठोडी, दाराबाहेर टेकवलेल्या गाद्या. मुलंसुद्धा हळू आवाजात खेळत होती.

आणि रविवारचं गाऱ्हाणं त्या बंद कॉम्प्युटरात अडकलं होतं.

कोकणात कुठलंही मोठं काम करायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. चाळीत हा मान तीस वर्षं अनुजाच्या आजोबांचा, म्हणजे धोंडू परबांचा. एके काळचे गिरणी कामगार. सांच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात बोलायची सवय, म्हणून आवाज असा, की पहिल्या मजल्यावर बोलले तर तिसऱ्यावरची माणसं ओ द्यायची. श्रावणात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज कायमचा गेला. आता ते पाटीवर लिहून बोलत. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते याच खोलीत माइकसमोर बसले आणि चाळ सोडतानाचं गाऱ्हाणं घालून ठेवलं. ऐंशीच्या ऐंशी बिऱ्हाडांची नावं घेऊन! लोकांच्या मोबाइलमध्ये जुनी गाऱ्हाणी होती म्हणा, पण त्यांत सगळा गोंगाटच. आजोबांचा नीट आवाज फक्त या एका ठिकाणी होता.

तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी उन्मेषकाका आत आले. "कशाला त्याच्या मागे लागलाय रे? पाच वाजता कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दीपक येतोय. सगळं पुसून कॉम्प्युटर कोरा करून देतो म्हणालाय."

"आणि आजोबांचं रेकॉर्डिंग?" अनुजानं विचारलं.

"ते गेलं गं बाळा. फाइलच सडली म्हणतो दीपक. चार वेळा रिपेअर केलं त्यानं. दर वेळी जास्तच बिघडतंय."

"तुम्ही कॉपी काढून ठेवणार होतात ना?"

काकांनी मान खाली घातली. "काढणार होतो. आज-उद्या करता करता राहिलं."

मोठ्यांचा हा 'उद्या' कुठल्या कॅलेंडरात असतो कोण जाणे! अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काकांना दिसू नये म्हणून ती खिडकीकडे वळली. काका निघून गेले.

"रडू नको ना," गौतम म्हणाला. तो नववीत होता, चाळिसाव्या खोलीतला. "मला एक गोष्ट खटकतेय. सकाळी हा चालू होता तेव्हा मी त्या फाइलच्या दोन कॉप्या पेनड्राइव्हवर घेतल्या. अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवर लावून ऐकल्या. पहिलीत आवाज बाराव्या खोलीपासून पुढे फाटतच जातो."

"आणि दुसरीत?"

"दुसरीत बारावी खोली एकदम क्लिअर! पण एक्केचाळिसावीपासून पुढे फाटलीय."

अनुजा गर्रकन वळली. "म्हणजे? फाइल सडली असती तर दोन्हीकडे एकाच जागी फाटली असती!"

"करेक्ट! फाइल धड आहे. ती उचलून आणणारा घोळ घालतोय. हे बघ, डिस्क म्हणजे कपाट. मेमरी म्हणजे टेबल. कपाटातलं काहीही आधी टेबलावर मांडायचं, मगच काम. टेबलालाच भोक असेल तर?"

"तर दीपकदादानं रिपेअरसुद्धा त्याच भोकाच्या टेबलावर केलं!" अक्षदा ओरडली. "आणि फाटकी पानं कपाटात परत ठेवली!"

"चार वेळा," अनुजा म्हणाली. "म्हणून विंडोज मेलं. गाऱ्हाण्याची फाइल नुसती वाचली, तिच्यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून ती बचावली. पण गौतम, नक्की मेमरीच कशावरून?"

"चल, तपासू."

घड्याळात दीड वाजला होता. गौतम धावत अभ्यासिकेत गेला आणि तासाभरानं दोन पेनड्राइव्ह तयार करून आणले. एकात मेमरी तपासायचा प्रोग्राम, दुसऱ्यात विंडोज दुरुस्त करायचं सामान. पहिला लावला. पाच मिनिटंही झाली नाहीत, तोच पडद्यावर चुका दाखवणाऱ्या लाल ओळी धडाधड उमटायला लागल्या.

"सापडला चोर!" अक्षदानं उडी मारली.

गौतमनं कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला. डब्याची एक बाजू आधीपासूनच उघडी होती. गरम होतो म्हणून काकांनी झाकण कधीच काढून ठेवलं होतं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या उभ्या होत्या. गौतमनं पहिली काढली. स्वच्छ. दुसरी काढली आणि तिघंही बघतच राहिली. तिच्या सोनेरी दातांवर लालसर खपली धरली होती. आणि खाचेच्या कडेला चिकटलेला एक तांदळाचा दाणा. लाल रंगाचा.

"अक्षता!" अनुजा पुटपुटली. "कॉम्प्युटरच्या पोटात?"

अक्षदाचा चेहरा उतरला. ती इतक्या हळू बोलली, की पुढे वाकून ऐकावं लागलं. "खंडेनवमीला... मीच ताम्हण धरलं होतं. आजोबांनी मशीनची पूजा केली. पाणी शिंपडलं, ओलं कुंकू लावलं. मी म्हटलं, वरून डब्याला लावा. तर पाटीवर लिहिलं, 'गिरणीत आम्ही पत्र्याला नाही, सांच्याला कुंकू लावायचो.' आणि आत हात घातला."

कॉम्प्युटर बिघडला तो दसऱ्यानंतरच. ज्या यंत्रात आपला आवाज ठेवला, त्याची आजोबांनी मनापासून पूजा केली होती.

"त्यांना सांगायचं नाही," अनुजा म्हणाली. "कुणीच नाही. शप्पथ!"

पण दारात सावली पडली होती. आजोबा उभे होते. त्यांची नजर गौतमच्या तळहातावरच्या लाल दाण्यावर होती. त्यांनी पाटी घेतली. मग लिहिलं, 'माझ्या हातानं?'

अनुजाला खोटं बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण आजोबांनी तिला आजवर कधी फसवलं नव्हतं.

"हो, आजोबा," ती म्हणाली. "पण तुमचा आवाज आत आहे. आम्ही काढतो. खरंच काढतो!"

आजोबांनी पाटी पुसली. काही न लिहिता ते दाराबाहेरच्या स्टुलावर जाऊन बसले.

"चला, आता रडत बसायला वेळ नाही," गौतम म्हणाला. त्यानं खोडरबरानं खपली घासून काढली आणि तेवढीच पट्टी लावून पाहिली. तरी लाल ओळी! ती पट्टी जळालीच होती. ती बाजूला ठेवून त्यानं चांगली पट्टी लावली. दहा मिनिटं, वीस, पाऊण तास. एकही लाल ओळ नाही!

"टेबल बदललं," अनुजा म्हणाली. "आता कपाट आवरायचं. आधी नाही, आता!"

दुसरा पेनड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर गौतमनं एकेक अक्षर जपून आज्ञा टाइप केली. विंडोजची प्रत्येक फाइल तपास आणि फाटकी असेल तिच्या जागी धड ठेव. पडद्यावर उत्तर आलं, थोडा वेळ लागेल. थोडा म्हणजे किती, ते काही नाही!

पाचला दहा कमी. खिडकीतून अक्षदानं पाहिलं, तर दीपकदादा पाठीला सॅक लावून फाटकातून येत होता.

"मी बघते त्याच्याकडे," म्हणत ती सुटली. तिचा आवाज वर ऐकू येत होता. "दीपकदादा! आमच्याकडे फराळाला ये ना! या खोलीतली शेवटची दिवाळी आहे आमची. नाही कसं म्हणतोस रे?"

असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? चकल्या झाल्या, चिवडा झाला, करंजी झाली. अक्षदानं आग्रह कर करून पंचवीस मिनिटं काढली. शेवटी दीपकदादा पोटावर हात ठेवून मंडळाच्या खोलीत आला. मागे उन्मेषकाका.

"हे काय चाललंय?" काकांचा आवाज चढला. "पट्ट्या काढल्यात? कुणाला विचारून? खेळणं आहे का ते? बंद करा आधी!"

"काका, नको! आत्ता बंद केला तर—"

काका तरातरा प्लगकडे निघाले. पण तिथं आधीच कुणीतरी उभं होतं. धोंडू आजोबा पाठ भिंतीला लावून, प्लगवर हात झाकून उभे होते. तोंडातून शब्द फुटत नव्हता, मान तेवढी 'नाही, नाही' अशी हलत होती. काका जागच्या जागी थांबले. आजोबांना त्यांनी असं कधीच पाहिलं नव्हतं.

"दादा, हे बघ," गौतमनं जळकी पट्टी दीपकसमोर धरली. दोन कॉप्या, बारावी खोली, एक्केचाळिसावी खोली, लाल ओळी, सगळं एका दमात सांगितलं.

दीपकनं पट्टी उजेडात धरली. "मी मेमरी तपासलीच नाही," तो म्हणाला. "निळा पडदा दिसला की रिपेअर मारायचं, अशी सवयच झालीय. पोरांनो, माझं चुकलं."

आणि त्याच वेळी पडद्यावर नवी ओळ आली. बिघडलेल्या फाइली सापडल्या आणि दुरुस्त केल्या!

गौतमनं पेनड्राइव्ह काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. सगळ्यांचे श्वास रोखलेले. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला! अनुजानं फाइल पेनड्राइव्हवर घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. बारावी खोली नीट, एक्केचाळिसावी नीट. मग दीपकनं स्वतःहून आणखी तीन कॉप्या काढल्या.

काकांनी तिघांच्या खांद्यांवर हात ठेवले. "मी नुसता उद्या-उद्या म्हणत बसलो," ते म्हणाले. "तुम्ही आज केलंत. शाब्बास रे पोरांनो!"

आजोबा मात्र हसले नाहीत. ते अजून त्या लाल दाण्याकडेच बघत होते.

रविवारी सकाळी अख्खी चाळ पटांगणात जमली. ऐंशी किल्ल्या एका परातीत ठेवल्या होत्या. मोठे स्पीकर लावले होते. आजोबा पुढे बसले होते, मान खाली. अनुजा त्यांना खेटून बसली होती. गौतमनं बटण दाबलं.

"बा देवा म्हाराजा!"

तोच आवाज! तिसऱ्या मजल्यापर्यंत चढणारा. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एकेक बिऱ्हाडाचं नाव येत होतं आणि ती ती माणसं ताठ उभी राहत होती. चाळिसावी खोली आली तसा गौतमही उभा राहिला.

"ही ऐंशी बिऱ्हाडा आज खय खय जातत, त्येंका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एकमेकांची वळख इसराक देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग आवाज जरा खाली आला. "आणि देवा, कोणाच्या हातसून काय चुकला माकला असात, तर ता पोटात घाल रे म्हाराजा!"

आजोबांनी मान वर केली. आपणच श्रावणात घातलेलं मागणं ते आज समोरून ऐकत होते.

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आधी अनुजा ओरडली. तिच्यामागोमाग गौतम, अक्षदा, काका, दीपकदादा आणि अख्खी चाळ!

आजोबांनी अनुजाचा हात घट्ट धरला. त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही. पण ओठांवरचे शब्द तिनं स्पष्ट वाचले.

व्हय म्हाराजा.