‘आगो’ला दिलेली ओ

पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. झिफा माझ्या मावशीच्या शेजारी राहते, आणि मावशी चर्चमधली बाई. खोटं बोलायचं तिच्या जिवावर येतं.

गेल्या डिसेंबरातला शनिवार. दुपारचे अडीच. मलावीत, सलिमाच्या पुढे तळ्याकाठी एक शाळा आहे, तिथली शिक्षकांची घरं.

झिफा घानाहून गणित शिकवायला आलेली. वर्ष होत आलं होतं. आमच्या न्सिमाचा, मक्याच्या घट्ट पिठल्याचा, गोळा आता कुठे तिला तळहातात नीट वळता येऊ लागला होता. शाळेत सगळे तिला ‘मॅडम घाना’ म्हणायचे. आमच्याकडे कुणाच्या दारात गेलं की ‘ओडी’ म्हणतात, आतून ‘ओडिनी’ आलं की आत जायचं. तिच्या गावात ‘आगो’ म्हणतात आणि आतला माणूस ‘आमे’ म्हणतो. सुरुवातीला ती आमच्या ‘ओडी’लाही ‘आमे’ म्हणायची. मुली फिदीफिदी हसायच्या.

गुरुवारी तिची सात वर्षांची लेक यायरा येणार होती. कायमची. मामा आणून सोडणार होता. वर्षभर लेकीला फक्त फोनवर पाहिलेलं. झिफा तिच्यासाठी लहानशी गादी शिवत बसली होती.

तेवढ्यात...

“आगो!”

“आमे!” झिफाच्या तोंडून निघूनही गेलं.

आणि हातातली सुई थांबली.

इथे ‘आगो’ म्हणणारं आहे कोण?

दार उघडंच होतं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. अंगण रिकामं. मुलींची मस्करी म्हणावी, तर वसतिगृहाला कालच कुलूप लागलेलं.

मग तिच्या मागे... घरात... प्लास्टिकची खुर्ची सरकली.

ती अनवाणीच मावशीकडे धावली.

“मायी, तुम्ही हाक मारलीत का मला?”

“मी? अगं, मी हाक मारली तर पलीकडच्या काठावरचे कोळी ओ देतात.” मावशी हसली. मग तिला झिफाचा चेहरा दिसला. “काय झालं?”

झिफाने सांगितलं.

“आणि तू ओ दिलीस? न बघता?” मावशीने कपाळावर हात मारला. “पोरी, एवढं गणित शिकवतेस आणि एवढं कळलं नाही?”

रविवारी भिंतीवरच्या पाली दिसेनाशा झाल्या. एकही नाही.

सोमवारी मावशीच्या कोंबड्या झिफाच्या दाराशी येऊन थांबल्या. रोज आत शिरून शितं टिपायच्या. आता उंबरा ओलांडेनात.

बुधवारी झिफा पाणी भरून घरात आली...

यायराच्या नव्या गादीवर खड्डा पडला होता.

कुणीतरी बसून उठल्यासारखा. मोठ्या माणसाचा.

एकटीचं असतं तर तिने सोसलं असतं. उद्या पोरगी त्याच गादीवर झोपणार होती.

“पाळकांना बोलावू?” मावशीने विचारलं.

“ते आमच्या रीतीने आलंय, मायी. तुमच्या पाळकांचं कसं ऐकेल?”

“मग तुमच्या रीतीनेच घालव. तुमच्यात पाहुणा जातो कसा?”

“वाट मागतो. यजमानाने वाट दिली की उठतो.”

“ते मागेल म्हणून बसलीस तर म्हातारी होशील. तूच दे.”

मावशी अंगणात उभी राहिली. बायबल छातीशी धरून. झिफा एकटी आत गेली. खुर्चीसमोर पाण्याचा पेला ठेवला.

“पाहुणे,” ती आपल्या भाषेत म्हणाली, “पाणी घ्या. तुम्हाला वाट दिली.”

काहीच नाही.

मग... खुर्ची करकरली. कुणीतरी उठावं तशी.

तिच्या दंडाला काहीतरी गार घासून गेलं. दाराकडे.

झिफाचा जीव भांड्यात पडला. आणि त्या सुटकेच्या भरात, लहानपणापासून जिभेवर बसलेलं पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं.

“अर्धीच देते हं.”

त्यांच्यात पाहुण्याला सबंध वाट कधी देत नाहीत. ते ‘तोंड दाखवू नका’ म्हटल्यासारखं होतं. अर्धी वाट द्यायची, अर्धी घरात ठेवायची. म्हणजे पाहुणा पुन्हा येतो.

दारापाशी ते गार काहीतरी थांबलं...

क्षणभरच. मग गेलं.

“गेलं का गं?” बाहेरून मावशीने विचारलं.

“गेलं,” झिफा म्हणाली.

गुरुवारी यायरा आली. आईच्या गळ्यातली मिठी सोडेना. तिला परत कुठे धाडणार? घर बदलून द्या म्हणून झिफाने अर्ज केलाय. दुसरं घर रिकामं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी झिफा उंबऱ्यावर बसते. मांडीवर वह्या, पाठ चौकटीला. अंधार पडेपर्यंत हलत नाही. परवा मावशीने न राहवून विचारलं, तेव्हा कुठे तिने त्या अर्ध्या वाटेचं सांगितलं.

“अशी किती दिवस बसशील गं?” मावशी म्हणाली.

“पाहुणा कधी सांगून येतो का, मायी?”

त्याच रात्री मावशीने मला फोन केला, आणि तेव्हापासून मलाही दुपारी घरात एकटं बसवत नाही.

त्या दोघी दारात बोलत होत्या तेव्हा यायरा आत झोपली होती. त्याच गादीवर. मावशी म्हणते, पोर भिंतीला अगदी चिकटून निजते. कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.