येळ्ळूर रस्त्यावरची सोबत

ही घडलेली गोष्ट आहे.

ज्याच्यावर बेतली तो भरमा आजही बेळगावात, वडगावात राहतो. खाली सहा पॉवरलूम, वर घर. त्याला या दिवसाबद्दल विचारलंत तर आधी तो विषय बदलेल. पुन्हा विचारलंत तर माग बंद पडलाय का बघतो म्हणून खाली निघून जाईल.

दिवस मात्र त्याच्या पक्का लक्षात आहे. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. संक्रांत होऊन चौथा दिवस. वेळ पहाटे साडेपाच.

भरमाला सत्तेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण चाललं की गुडघे धरायचे. मग सायकल घेतली. रवळूला हे कळलं तेव्हा त्यानंही घेतली.

"तुला रं कशाला? तुला कुठं शुगर हाय?" भरमानं विचारलं होतं.

"तू एकटा चार दिवसांत कंटाळशील. मी असलो की लाजंकाजं तरी उठशील," रवळू म्हणाला.

रवळू म्हणजे भरमाचा शाळेपासूनचा मित्र. उद्यमबागेत ओतकामाच्या एका कारखान्यात, फौंड्रीत, फिटर. राहायला शहापुरात, पाच मिनिटांवर. रोज पहाटे तोच भरमाच्या दारात यायचा आणि दोनदा सायकलची बेल वाजवायचा. टिंग टिंग. भरमा खाली उतरायचा. मग दोघं येळ्ळूरच्या वेशीपर्यंत जायचे, तिथं चहा प्यायचे आणि परत. वाटभर रवळूचं तोंड चालू. फौंड्रीतला साहेब, पोरीचं कॉलेज, गुडघ्यावरचं तेल. भरमा नुसता "व्हय, व्हय" करायचा.

नेम एकच होता. ज्याला जमणार नसेल त्यानं पाचच्या आत मेसेज टाकायचा. मेसेज नाही म्हणजे जायचं.

आपल्याकडं बर्फ पडत नाही. पण त्या आठवड्यात थंडीनं कहर केला होता. मोकळ्या रानात दव गोठल्यागत पांढरं दिसायचं. धुकं तर असं, की समोरच्या घराचा दिवा दिसायचा पण घर नाही. दोनच दिवसांपूर्वी गल्लीतले मारुतीराव स्कूटरवरून घसरले होते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा चिखल, त्यावर दव. खांद्याचं हाड मोडलं.

आदल्या रात्री जेवताना सुवर्णानं, भरमाच्या बायकोनं, विषय काढला.

"उद्या जायचं न्हाय. आठवडाभर घरातच काय ते हातपाय हलवा."

"बघूया की सकाळी."

"सकाळी काय बघायचंय? मारुतीरावांचं काय झालं बघितलासा न्हवं?"

भरमानं भाकरीचा तुकडा मोडला. त्याचंही मन होत नव्हतं. पण त्याच दिवशी शुगरचा रिपोर्ट आला होता आणि आकडा वर गेला होता. तो कागद त्यानं सुवर्णाला दाखवला नव्हता.

पहाटे पाचला जाग आली. फोनवर रात्रीचंच तापमान दिसत होतं, नऊ. रात्री नेट बंद करून झोपायची त्याची सवय. ते चालू करायचं डोक्यात आलं नाही.

जायचं का नाही... जायचं का नाही...

पांघरूण काढलं, परत घेतलं. रवळू काही एवढ्या थंडीत येणार नाही, असं म्हणून त्यानं कूस बदलली.

आणि खालून बेल वाजली...

टिंग टिंग.

सुवर्णानंही ऐकली. ती झोपेतच पुटपुटली, "आलं बघा रवळूभाऊजी. ह्यांस्नी थंडीबी वाजत न्हाय."

भरमा स्वेटर, कानटोपी घालून खाली आला. शटरशेजारची सायकल बाहेर काढली.

दारात कोणी नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी, धुक्यात, लाल दिवा दिसत होता. सायकलच्या मागचा. त्याच्यावर पाठमोरा रवळू. तीच निळी जर्किन, तीच मंकी कॅप.

"थांब की रं!"

रवळू पुढं निघाला.

थंडीनं कावला असेल, भरमाला वाटलं. त्यानं पॅडल मारलं.

गल्लीच्या कोपऱ्यावर रोज तीन-चार कुत्री मागं लागायची. ती आज पोत्यावर अंगाचं वेटोळं करून बसली होती. जागी होती. डोळे उघडे होते...

एकही भुंकलं नाही.

वडगाव संपलं. येळ्ळूरचा रस्ता लागला. दोन्ही बाजूला कापून गेलेली भाताची रानं, मधे मधे मसूर. पण दिसत काहीच नव्हतं. समोर पांढरा पडदा आणि त्यात लाल दिवा. भरमानं जोर लावला की दिवाही जोर लावायचा. तो दमला की दिवा सावकाश व्हायचा.

अंतर तेवढंच.

"काय रं, आज तोंडाला कुलूप लावलास काय?"

लाल दिवा तसाच पुढं जात राहिला.

तेव्हा भरमाच्या एक गोष्ट लक्षात आली. रवळूच्या सायकलची चेन करकरायची. महिनाभर तो तेल घालतो घालतो म्हणत होता. आज ती करकर नव्हती. चाकांचा आवाज नव्हता. भरमाला ऐकू येत होता फक्त स्वतःचा श्वास...

पुढं एका पोल्ट्रीच्या फाटकावर दिवा जळत होता. त्या उजेडात रवळू क्षणभर नीट दिसला. भरमाच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. चष्म्याची काच सारखी धुरकट होत होती.

रवळूच्या तोंडापाशी वाफ नव्हती.

मफलर बांधला असेल. त्यानं मनाला सांगितलं.

मग लाल दिवा डावीकडं वळला.

तिथं कधी ते वळले नव्हते. तो रानात जायचा कच्चा रस्ता होता.

"हिकडं कुठं रं? रवळू!"

पुढच्यानं मागं न बघता हात वर केला. ये, म्हणून हलवला.

भरमा आजही रवळूला म्हणतो की तिथूनच परत फिरायला पाहिजे होतं. पण पस्तीस वर्षांची दोस्ती. हात केला की माणूस जातोच.

तो वळला. पन्नास-साठ पावलं गेला असेल. ट्रॅक्टरच्या चाकोरीतला चिखल लोण्यागत गुळगुळीत झाला होता. पुढचं चाक सरकलं, हँडल हातातून निसटलं आणि भरमा उजव्या कोपरावर आपटला. चष्मा कुठंतरी उडाला. सायकल पायावर.

"आई गं! रवळू! पडलो रं!"

लाल दिवा थांबला.

थांबला... पण मागं फिरला नाही.

 एकदा भरमाची पाण्याची बाटली पडली होती, तर रवळू मैलभर मागं जाऊन शोधून घेऊन आला होता. तोच रवळू वीस-पंचवीस फुटांवर पाठमोरा उभा होता. हलत नव्हता. पाय टेकल्याचा आवाज नाही, खोकला नाही, काही नाही.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

सुवर्णा होती.

"अहो, कुठं हाईसा तुम्ही?"

"येळ्ळूरच्या वाटंला. पडलोय जरा. घाबरू नको, रवळू हाय संगट."

पलीकडं कुजबुज झाली.

"सुवर्णा?"

"अहो... रवळूभाऊजी हितं हायत. आपल्या दारात. माझ्यासमोर."

भरमानं पुढं बघितलं. लाल दिवा तिथंच होता.

फोनमध्ये खरखर झाली आणि रवळूचा आवाज आला. घाईचा, धापा टाकणारा.

"भरम्या, मी बोलतोय. कुठं हाईस नक्की? आरं मी मेसेज टाकलाय की, आज नको म्हणून! हाय तितंच बस. एक पाऊल हलू नकोस. ऐकतोयस न्हवं?"

आणि त्याच वेळी... समोरून, धुक्यातून...

"येतोस न्हवं?"

रवळूचाच आवाज. एका कानात रवळू घाबरून ओरडत होता आणि समोरचा रवळू अगदी मायेनं विचारत होता. शाळेला जाताना खालून हाक मारायचा तसा.

"येतोस न्हवं रं भरम्या?"

भरमानं डोळे मिटून घेतले. फोन कानाला दाबून धरला. किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही. कोपरातून रक्त वाहत होतं आणि ते गार लागत होतं.

डोळे उघडले तेव्हा दिवा नव्हता.

रवळू स्कूटरवरून आला तेव्हा उजाडायला लागलं होतं. तो रस्त्यावरून हाका मारत होता, पण भरमा ओ देत नव्हता. फोनवर भरमानं विचारलं, "तुझ्या पोरीचं नाव सांग." रवळूनं "रक्षा" म्हटल्यावरच भरमा ओरडला. रवळूनं त्याला उठवलं. चष्मा शोधून दिला. दोघं एकमेकांचा हात सोडत नव्हते. दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती. भरमा सारखा रवळूच्या तोंडाकडंच बघत होता.

धुकं थोडं विरळ झालं.

दिवा जिथं थांबला होता, तिथं भरमानं बोट दाखवलं.

तिथं वाट नव्हती.

विहीर होती. रुंद, जुनी, कठडा नसलेली. कच्चा रस्ता तिच्या अलीकडं दहा फुटांवर बाजूला वळत होता. आणि तो दिवा कडेला नव्हता थांबला. भरमानं दोन-तीनदा अंदाज घेतला. तो मधोमध थांबला होता. पाण्याच्या वर.

ओल्या चिखलात भरमाच्या चाकांचा माग तेवढा होता. दुसरा नाही.

रानाचे मालक आण्णाप्पा नावाचे म्हातारे गृहस्थ वैरण न्यायला आले. रवळूनं चाचरत विचारलं, "आप्पा, ह्या हिरीत कधी कोण... म्हंजे काय झालंतं काय?"

म्हाताऱ्यानं दोघांना वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"माझ्या आज्ज्यानं खणलेली हीर. आजवर कोण पडलं न्हाय, कोण मेलं न्हाय. शेरडूसुदीक न्हाय. का इचारतासा?"

काही निष्पन्न झालं असतं तर कदाचित बरं वाटलं असतं. कोणी जीव दिला होता, कोणाचा अपघात झाला होता, असं काहीतरी हाताला लागलं असतं. काहीच नव्हतं. साधी पाण्याची विहीर.

स्कूटरवरून परतताना रवळूनं त्याची बाजू सांगितली.

त्यानं पावणेपाचला मेसेज टाकला आणि परत झोपला. साडेपाचच्या सुमारास त्याच्याही दारात बेल वाजली. दोनदा. त्याला नवल वाटलं, कारण भरमा कधी त्याच्या दारात जात नसे. गॅलरीत येऊन बघितलं तर खाली भरमा उभा. पाठमोरा. स्वेटर, कानटोपी.

"आरं मेसेज बघितला न्हाईस काय? आज नको!" रवळू वरनं म्हणाला.

खालच्यानं वर बघितलं नाही. नुसतं विचारलं, "येतोस न्हवं?"

"मी न्हाय म्हटलो," रवळू म्हणाला. "मग तू निघालास. म्हंजे... ते निघालं. मला बरं वाटंना. तुझी शुगर, ही थंडी, एकटा गेलास. म्हणून स्कूटर काढून तुझ्या घरी आलो. वहिनी म्हणाल्या, तुमच्याच बरोबर गेलेत की."

भरमाच्या कोपराला सहा टाके पडले. त्या हिवाळ्यात सायकल बाहेर निघाली नाही. रवळूनं फौंड्रीतून लोखंडाचा स्टँड करून आणला. त्यावर सायकल चढवायची आणि जागच्या जागी पॅडल मारायचं. भरमा मागांच्या खडखडाटात अर्धा तास पॅडल मारतो. उन्हाळ्यात दोघं बाहेरही जातात, पण ऊन पडल्यावर. आणि जायचं की नाही ते आदल्या संध्याकाळी ठरतं. समोरासमोर बसून, एकमेकांच्या तोंडाकडं बघून.

एक गोष्ट मात्र भरमानं सुवर्णाला आजवर सांगितलेली नाही. रवळूला सांगितली, तीही मागच्या दिवाळीत.

त्या पहाटे, डोळे मिटायच्या आधी, समोरच्यानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा भरमानं उत्तर दिलं होतं. सवयीनं. दोस्ताला देतो तसं. तोंडातून निघून गेलं होतं.

"आज नको. नंतर येतो."

ऐकून रवळूनं उठून दाराची कडी लावली होती.

यंदा जानेवारीत पुन्हा तशीच थंडी पडली. एका पहाटे सुवर्णा उठली तर भरमा शेजारी नव्हता. ती खाली आली. लूम बंद होते, दिवा लावलेला नव्हता. भरमा अंधारात बाकड्यावर बसला होता, शटरकडं तोंड करून.

"काय वो? झोप येईना काय?"

"जाग आली. बसलोय जरा."

"बाहेर जाणार न्हाईसा न्हवं?"

"खुळी हाईस काय? ह्या थंडीत कुठं जाऊ?"

सुवर्णानं दिवा लावला. त्याच्याकडं बघितलं आणि तिचा हात बटणावरच राहिला.

"मग बूट कशाला घातल्यासा?"

भरमानं खाली बघितलं.

दोन्ही पायांत बूट होते. नाड्या घट्ट बांधलेल्या.

आणि बुटांच्या तळव्यांना ओला चिखल होता...