एकही तक्रार नाही

तो ऑफिसात आला तेव्हा ती त्याच्या टेबलाखाली होती.

भिंतीतल्या सॉकेटपर्यंत हात पोचेना, म्हणून ती सरळ गुडघ्यांवर रांगत आत शिरली होती. तोंडात छोटा टॉर्च, हातात केबल, केसांत धूळ. एवढ्यात वर खुर्ची सरकली आणि दोन पाय आत आले. एका पायाने दुसऱ्या पायातला बूट सराईतपणे काढला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

"अगं मावशी, आज लवकर नाही जमायचं," वरून आवाज आला. तो फोनवर होता. "ती सॉफ्टवेअरवाली कंपनी येणारेय ना... कुणीतरी बाई पाठवताहेत. हो गं, चांगलं चाललेलं बंद पाडायला. दोन दिवस तरी लागतील तिला."

तिने तोंडातला टॉर्च काढला.

"दोन दिवस कशाला? अर्धा तास पुरे."

पाय झटकन वर गेले. मग टेबलाच्या कडेखालून एक उलटा चेहरा डोकावला. कपाळ मोठं, डोळे त्याहून मोठे.

"तुम्ही... कधीपासून आहात इथे?"

"तुमचा बूट निघाला त्याच्या आधीपासून."

चेहरा लाल झाला. उलटा असल्यामुळे झाला की लाजेने, हे तिला कळलं नाही. कळून घ्यायची गरजही वाटली नाही. तिने केबल सॉकेटात खुपसली, टक् असा आवाज झाला आणि ती पुढच्या टेबलाकडे वळली.

तिचं कामच तसं होतं. एखाद्या कंपनीने नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, की आधी ते थोड्याच कॉम्प्युटरवर बसवून बघायचं. त्याला पायलट म्हणत. कुठली टेबलं निवडायची, कुणाला शिकवायचं, काय बिघडतंय ते टिपायचं आणि शेवटी सांगायचं : पुढे जा, नाहीतर थांबा. मग सामान आवरून दुसरीकडे. गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांचे चेहरेसुद्धा तिला आठवत नसत. ती याला सवय म्हणे. तिची आई मात्र म्हणे, "तू माणसांतही अशीच वावरतेस. बसवलं, चालू केलं, निघालीस."

ही कंपनी शहरातल्या लिफ्ट सांभाळायची. मोठी खोली, ओळीने टेबलं आणि दिवसभर खणखणणारे फोन. कुठे लिफ्ट अडकली की फोन इथे यायचा. इथली माणसं तक्रार नोंदवायची आणि जवळच्या मेकॅनिकला तिकडे पिटाळायची. पाठवापाठवीचं सगळं बघणाऱ्या त्या भोकाच्या मोजेवाल्याला सगळे कप्तान म्हणत. आणि कानाला हेडफोन लावून, फोनवरच्या घाबरलेल्या माणसाला दोन वाक्यांत शांत करणाऱ्या सगळ्यांत जुन्या बाईंना काकू.

पहिल्या बैठकीत कंपनीच्या मालकीणबाईंनी विचारलं, "पायलटसाठी कोण देऊ? आमची हुशार मुलं देते."

"हुशार नकोत," ती म्हणाली. "चिडकी द्या. चिडका माणूस काही खपवून घेत नाही."

मालकीणबाईंनी क्षणभरही विचार न करता काकू आणि कप्तान यांच्याकडे बोट दाखवलं.

"मी चिडका?" कप्तान चिडून म्हणाला.

ती हसली नाही. पण तोंड वळवून खिडकीकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ.

पहिल्या आठवड्यात तो बैठकीत मिळालेल्या 'चिडका' या नावाला जागला. अक्षरं मुंगीएवढी आहेत. बटण डावीकडे का? माझा मेकॅनिक पुलाच्या अलीकडे असताना तुमचा प्रोग्रॅम पलीकडच्याला का पाठवतोय, त्याला पोहता येतं म्हणून? ती सगळं टिपून घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत बरंचसं निस्तरायची. जुनं सॉफ्टवेअर तिने मुद्दामच काढलं नव्हतं. नव्याने दगा दिला तर मागे फिरता यायला हवं.

मग एके दिवशी बाहेरच्या बोळात तिला तिच्या साहेबांचा फोन आला. साहेबांचा आवाज असा, की फोन कानापासून लांब धरावा.

"हे गिऱ्हाईक हातचं गेलं, तर तुझं फिल्डवरचं काम बंद! मग बस ऑफिसात लोकांचे फोन घेत!"

"हो साहेब," ती म्हणाली आणि वळली. पाण्याच्या कूलरपाशी कप्तान उभा होता. बाटली केव्हाच भरली होती, पाणी बुटांवर सांडत होतं. "पाणी," ती म्हणाली. त्याने घाईघाईने नळ बंद केला. 

त्यानंतर तक्रारी आटल्या.

"आज काही?" ती रोज चहाच्या वेळी त्याच्या टेबलाशी येऊन विचारायची.

"आहे ना. चहा गार आहे."

"सॉफ्टवेअरबद्दल विचारतेय."

"त्याबद्दल एकही तक्रार नाही."

"तुमची? एकही नाही?"

"सुधारलोय मी." मग डोळे स्क्रीनवरच ठेवून, हळूच : "संगतीचा परिणाम... दुसरं काय."

तिने वहीचं पान उगाचच उलटलं. पुढचं पानही कोरंच होतं. तिकडे काकूंना एकाएकी खोकला आला.

संध्याकाळी तो तिच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालू लागला. त्याचं घर उलट्या दिशेला होतं हे तिला काकूंकडून कळलं, पण तिने तसं दाखवलं नाही. तो मावशीबद्दल सांगे, जिने त्याला लहानाचं मोठं केलं आणि जी अजून त्याच्या डब्यात दोन माणसांचं जेवण भरते. ती फारसं काही सांगत नसे. ऐकत असे. पण बस आली की, "पुढच्या बसने जाते, ही भरलेली दिसतेय," असं म्हणे. बस भरलेली असायचीच असं नाही.

"एवढी कुठल्या गिऱ्हाइकाकडे रमली नव्हतीस," आई म्हणाली.

"काम आहे, आई."

"कामाला जाताना कुणी रोज कानातले बदलत नाही."

सगळं कसं सुरळीत चाललं होतं. सगळ्या शाखांमध्ये सॉफ्टवेअर बसवायचा निर्णय पुढच्या सोमवारी व्हायचा होता आणि तो काय असणार हे उघड होतं.

त्या गुरुवारी मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून कप्तान रजेवर होता. दुपारी आभाळ भरून आलं, शहराच्या निम्म्या भागातली वीज गेली-आली, गेली-आली आणि फोन एकदम वाजायला लागले. काकू एकीकडे ऐकत होत्या, दुसरीकडे ओरडत होत्या. तीसुद्धा एका टेबलाशी बसून फोन घेऊ लागली.

पाऊस थांबला तेव्हा एक फोन आला. म्हातारा, दमलेला आवाज.

"मी सव्वा तास लिफ्टमध्ये होतो हो. दोनदा फोन केला. शेजारच्या लिफ्टमधल्यांना तुमच्या माणसाने काढलं आणि तो निघून गेला. मी आतून दार बडवत होतो... शेवटी वॉचमनने कुणाला तरी आणून उघडवलं. माझी रक्तदाबाची गोळी घरात. हातपाय थरथरत होते माझे."

त्यांच्यापाशी आता सून होती, गोळीही पोटात गेली होती. तिने पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली, माफी मागितली आणि फोन ठेवला. मग स्क्रीन बघितली. त्या पत्त्यावर एकच तक्रार दिसत होती.

"काकू, एका इमारतीतून दोन तक्रारी आल्या होत्या. दुसरी कुठे गेली?"

"गिळली असेल," काकू हेडफोन काढत म्हणाल्या. "नेहमीसारखी."

"नेहमीसारखी?"

काकूंनी जीभ चावली. पण ती समोरून हलली नाही, आणि काकूंना खोटं कधीच साधलं नव्हतं.

"अगं, एकाच पत्त्यावरून लागोपाठ दोन फोन आले, की तुझ्या प्रोग्रॅमला वाटतं एकच माणूस दोनदा बोलतोय. दुसरा तो टाकून देतो. दुसऱ्या आठवड्यातच लक्षात आलं आमच्या. कप्तान म्हणाला, तिला सांगू नका, तिची नोकरी टांगणीला आहे. तो रोज सगळ्या तक्रारी जुन्या सॉफ्टवेअरमध्येही टाकतो आणि गिळलेल्यांकडे स्वतः फोन करून माणूस पाठवतो. आज तो नाही... आणि मला, पोरी, या गोंधळात सुचलंच नाही गं."

 बाहेर ओल्या रस्त्यावरून गाड्या सपसप आवाज करत जात होत्या. तिला वाटलं होतं आपलं काम चोख झालंय, म्हणून इथे इतकी शांतता आहे.

दुसऱ्या दिवशी कप्तान आला तो तिला बघून हसतच. मावशीचं ऑपरेशन छान झालं होतं. तिचा चेहरा बघितला आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"काकूंनी सांगितलं वाटतं," तो म्हणाला.

"तुम्ही सांगायला हवं होतं."

"तुमच्या साहेबांचा फोन मी ऐकला होता. मला वाटलं... थोडे दिवस निभावून नेऊ. पुढे होईल दुरुस्त."

"कसं होईल? मला माहीतच नाही, तर दुरुस्त कोण करणार?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "इथे तुम्ही होतात म्हणून निभावलं. सोमवारी हे सगळ्या शाखांत गेलं असतं. तिथे कोण आहे तुमच्यासारखं? मी चिडका माणूस मागितला होता. मला सांभाळून घेणारा नव्हता मागितला."

"चुकलो," तो म्हणाला. 

सोमवारच्या बैठकीत तिने दोन वाक्यांत सांगितलं : पुढे जाऊ नका. आजच मागे फिरा.

तिच्या साहेबांच्या कपाळाची शीर उडायला लागली. "बारीकशी चूक आहे ही! बसवू, मग करू दुरुस्त!"

"दुरुस्त होईल साहेब. पण तोवर बंद."

"याचा अर्थ तुझ्यासाठी काय होतो, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

इतक्यात मागची खुर्ची करकरली. कप्तान उभा होता. "यांची चूक नाही. मला ठाऊक होतं. मी लपवलं."

मालकीणबाईंनी चष्मा काढला. "तू? जो पंख्याच्या आवाजाचीसुद्धा तक्रार करतो? का लपवलंस?"

 कप्तानचे कान तापलेल्या लोखंडासारखे दिसू लागले.

"कारण... वैयक्तिक आहे," तो म्हणाला.

काकूंना पुन्हा खोकला आला. मालकीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि चष्मा पुन्हा चढवला. "लिफ्टमध्ये माणूस अडकला असताना वैयक्तिक काही नसतं. संध्याकाळी त्या आजोबांच्या घरी जायचं. तू आणि मी, दोघांनी."

ती दुपारभर एकेका कॉम्प्युटरवरून आपलं सॉफ्टवेअर काढत राहिली. त्याचं टेबल शेवटचं. तो बाजूला उभा राहिला. तिला वाटलं, हा काहीतरी बोलेल. त्याला वाटलं असावं, ती बोलेल. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, जुना पडदा उजळला. तिने बॅग उचलली आणि निघाली.

साहेबांनी बोलल्याप्रमाणे तिला ऑफिसात फोन घ्यायला बसवलं. चूक दुरुस्त झाली, पायलट पुन्हा ठरलं आणि या वेळी तिच्या जागी एक सहकारी गेला. आठवड्याभरात तो डोकं धरून परत आला.

"तिथे कुणी कप्तान आहे. माणूस आहे की करवत? रोज सकाळी नव्या तक्रारी! म्हणतो, मागच्या वेळी गप्प बसलो, आता एक सोडणार नाही."

ती फोनवर हात ठेवून इतकी हसली, की पलीकडचं गिऱ्हाईक विचारू लागलं, "हॅलो? हॅलो?" हसू ओसरलं तसं तिच्या लक्षात आलं, आपल्याला त्याची आठवण येते. अधूनमधून नव्हे. चहाच्या वेळी, बसस्टॉपवर, मुंगीएवढी अक्षरं दिसली की... रोज.

पायलट पार पडलं, सगळ्या शाखांत सॉफ्टवेअर बसलं. त्यानंतर एका शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटल्यावर ती दोन बस बदलून त्या इमारतीत गेली.

"अगं!" काकू उठून उभ्याच राहिल्या. "आज काय काम काढलंस?"

"काही काम नाही, काकू."

काकूंना या वेळी खोकला आला नाही. त्यांनी नुसतं जिन्याकडे बोट दाखवलं.

कप्तान जिन्याच्या पायरीवर डबा उघडून बसला होता. तिला बघून उठायला गेला. डब्याचं झाकण सुटलं आणि टणाटण आवाज करत खालच्या मजल्यापर्यंत गेलं. दोघांनी ते थांबेपर्यंत ऐकलं.

"तुम्ही इथे...?"

"मी रागावले होते," ती म्हणाली. "अजून आहे थोडी."

"किती?"

"जे सांगायला आले, त्यापेक्षा कमी."

तो भिंतीला टेकला. "मी रोज यायचं ठरवत होतो. पण पायलट चालू असताना आलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, पुन्हा काहीतरी झाकतोय. आणि संपल्यावर... धीरच होईना."

"आता झाकू नका. ते वैयक्तिक कारण काय होतं?"

"सगळ्या ऑफिसला माहीत आहे ते."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "खूप. टेबलाखालून बाहेर आलात, केसांत जळमटं होती, आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता पुढच्या टेबलाखाली शिरलात... तेव्हापासून. तुमची नोकरी जाऊ नये असं वाटलं, आणि तुम्ही जाऊ नये असंही वाटलं. दुसरं जास्त खरं."

तिने याआधी कुणाला असं काही म्हटलं नव्हतं. शब्द कुठून सुरू करायचे हेसुद्धा कळेना. ती दोन पायऱ्या चढून त्याच्या शेजारी बसली.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली.

'तू' हा शब्द तिच्या तोंडून निघून गेला आणि तिने तो परत घेतला नाही. कप्तान हळूहळू खाली बसला, पायरी आहे की नाही हे हाताने चाचपत. मग काय करावं ते न सुचून त्याने डबा दोघांच्या मधे ठेवला.

"जेवलीस?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि डब्यातला मोठा घास उचलला.